नानांचा खून

प्रत्येक तालुक्याच्या गावाने एक खून सांभाळून ठेवलेला असतो. पाहुणा आला की त्याला ग्रामदैवत दाखवायचं, घाट दाखवायचा, बोर्डात आलेल्या मुलाचं घर लांबून दाखवायचं आणि मग चहा येईपर्यंतच्या वेळात खून सांगायचा. कृष्णाकाठच्या आमच्या गावात हे खातं नानांकडे आहे.

नाना तहसील कचेरीतून रेकॉर्डकीपर म्हणून निवृत्त झाले. निवृत्त माणूस एक तर ज्येष्ठ नागरिक संघात जातो, नाही तर अध्यात्मात. नाना खुनात गेले. आता सत्तरी ओलांडली तरी सकाळचं बाहेर पडणं चुकत नाही. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात रेक्झिनची बॅग आणि बॅगेत कापडी टेप, टॉर्च नि एक भिंग. भिंग मूळचं सातबाऱ्यावरचे फेरफार वाचायला घेतलेलं. वाटेत कोणी "काय नाना, कुठे?" म्हणून विचारलं, की ते थांबतात, दोन्ही बाजूंना बघून घेतात आणि हळू आवाजात सांगतात, "जरा एका कामाला." ते काम शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक आहे. नाना रहस्यकादंबरी लिहीत आहेत आणि ती गावातल्याच जुन्या खुनावर आहे.

या माणसाची घडण सार्वजनिक वाचनालयात झाली. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. समीक्षकांनी त्यांना साहित्याच्या ओसरीवरही टेकू दिलं नाही; पण पाठ्यपुस्तकाबाहेरचं पहिलं पुस्तक किती मराठी पोरांच्या हातात त्यांनी ठेवलं, याचा हिशेब मांडायला कोणी बसत नाही. नाना झुंजार आणि काळा पहाड यांच्या संगतीत मॅट्रिक झाले. मग गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि बॅरिस्टर अमर विश्वास आले. नोकरी लागली, लग्न झालं, तरी वाचनालयाची वर्गणी थकली नाही. मात्र त्या वाचनालयातल्या रहस्यकथांना दोन खोडी होत्या. हातोहात फिरून शेवटचं पान गळालेलं असायचं. आणि पान शाबूत असेल तर बाराव्या पानाच्या समासात कोणा परोपकारी माणसाने पेन्सिलीने लिहून ठेवलेलं असायचं, 'खुनी डॉक्टर आहे.' म्हणजे नानांना शेवट एक तर कळायचाच नाही, नाही तर सुरुवातीलाच कळायचा. स्वतःच्या पायांनी शेवटापर्यंत जायचा योग वाचक म्हणून त्यांना फारसा आला नाही, आणि लेखक म्हणून अजून यायचा आहे.

आता खुनाकडे वळू. 11 डिसेंबर 1967, पहाटे सव्वाचार वाजून गेलेले. कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर भुईसपाट झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, धक्का पार मुंबईपर्यंत जाणवला. आमच्याकडे कोणाच्या भिंतीला भेग, कोणाची कौलं खाली, एवढ्यावर भागलं. गेले ते फक्त सावकार. परसातली मातीची भिंत पडली होती आणि ते तिच्याखाली होते. फौजदार आले, पंचनामा झाला, अकस्मात मृत्यूची नोंद झाली आणि प्रकरण मिटलं. मिटलं ते कागदावर. निम्म्या गावाच्या जमिनी सावकाराकडे गहाण होत्या. ज्याचं मरण इतक्या जणांच्या सोयीचं, तो आपला आपण कसा मरेल, असा गावाचा रोकडा हिशेब होता.

नानांचा सिद्धान्त असा: आधी खून झाला, मग भूकंप. भूकंपाने फक्त पुरावा झाकला. "भूकंप या प्रकरणात सहआरोपी आहे," असं ते म्हणतात तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

सिद्धान्ताचा पाया म्हणजे सावकारांच्या पायातल्या वहाणा. पंच म्हणून सही केलेल्या गृहस्थांच्या मुलाने बापाकडून ऐकलेलं सांगितलं, की मयताच्या पायात वहाणा होत्या. नाना टपरीवर सगळ्यांना विचारतात, "घर हलायला लागल्यावर पळणारा माणूस वहाणा शोधत बसेल का?" नाही बसणार. म्हणजे सावकार आधीच परसात होते. आता म्हातारा माणूस पहाटे चारला परसात कशाला जातो, हे सांगायला शेरलॉक होम्स लागत नाही. आमच्या टपरीवाल्यानेही ते एका शब्दात सांगितलं. नाना याच उत्तराची वाट बघत होते. बाकावरून उठून, बोट वर करून त्यांनी विचारलं, "मग तांब्या कुठे होता?"

टपरी गार पडली. त्या दिवसापासून गावात तांब्याखेरीज विषय नाही. एक पक्ष म्हणतो, तांब्या होता, भिंतीखाली चेपला. दुसरा म्हणतो, होता, पण पितळेचा होता. त्या काळात पितळेचा तांब्या मातीत पडू द्यायला गाव काय वेडं होतं? ज्याला दिसला त्याने नेला. तिसरा पक्ष खुनाचा. तांब्या नव्हताच, म्हणजे सावकार कोणाला तरी भेटायला गेले होते. चौथा पक्ष नानींचा आणि त्यात त्या एकट्याच. "भिंत पडली हो," त्या भाजी निवडता निवडता म्हणतात, "माझ्या माहेरचीसुद्धा पडली होती. तिच्याखाली कोणी नव्हतं म्हणून तिची कादंबरी झाली नाही." नानींच्या तपासकौशल्याबद्दल एवढंच सांगतो: नानांना साखरेचा आजार आहे आणि डब्यातली साखर रात्री कमी होत होती. नानींनी कोणाचा जबाब घेतला नाही. सकाळी नानांच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि चमचा बाहेर काढला.

तांब्यापायी नानांनी मोडवाल्यांची दुकानं पालथी घातली, जुनी भांडी बदलून देणाऱ्या बायांना वाटेत अडवलं. कळस झाला तो एका मुलगी बघायच्या कार्यक्रमात. मुलाकडच्यांबरोबर वडीलधारे म्हणून नाना गेले होते. पोहे यायच्या आधी पाणी आलं, ते पोचा पडलेल्या पितळी तांब्यातून. नानांनी पाणी बाजूला ओतलं, बॅगेतून भिंग काढलं, तांब्या उजेडाकडे धरून फिरवला आणि मुलीच्या वडिलांना विचारलं, "हा आपल्याकडे कोणत्या सालापासून आहे?" पोच्याची खोली मोजायला टेप काढला, तेव्हा मुलाच्या मामांनी त्यांचा हात धरला. लग्न जमलं. पत्रिका नानांना आली नाही.

साक्षीदारांची अडचण निराळीच आहे. ते कमी नाहीत, उदंड आहेत. पण सगळ्यांना भूकंप आठवतो, खून कोणालाच नाही. नानांबरोबर एका आजींकडे मी गेलो होतो. नव्वदीच्या पुढच्या, पण कान शाबूत.

"आजी, त्या पहाटे तुम्ही काय पाहिलंत?"

"काय बघणार बाबा? मांडणीवरची भांडी धडाधड खाली. पिठाचा डबा पालथा."

"सावकारांचं ओरडणं ऐकलंत?"

"समदं गाव वरडत हुतं. त्यात सावकाराचं येगळं कसं काढू?"

नानांनी वहीत लिहिलं: 'ओरडल्याचा आवाज ऐकला.' मग आजींनी त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं. "तू नववीत हुतास न्हवं? शाळंच्या पटांगणात आयच्या पदरात तोंड घालून रडत हुतास." हे वहीत आलं नाही. स्वतः नाना त्या पहाटे गावातच होते, पण त्यांनी स्वतःचा जबाब घेतलेला नाही. तपास करणाऱ्याने साक्षीदार होऊ नये, असं त्यांचं मत आहे.

धक्के बसत राहिल्यामुळे पुढे कित्येक रात्री सगळं गाव शाळेच्या पटांगणात झोपत होतं. त्या रात्री आणि ती पहाट यांचा लोकांच्या डोक्यात काला झाला आहे. ज्याला विचाराल तो सांगतो, "आम्ही सगळे पटांगणात होतो." दुसरा तपासनीस असता तर त्याने इथे हात टेकले असते. नानांना मात्र हुरूप आला. एक तर सगळे निर्दोष, नाही तर सगळे सामील. "आगाथाबाईंनी जे आगगाडीत केलं, ते मी पटांगणात करतो," ते म्हणाले. ज्यांनी ती कादंबरी वाचलेली नाही त्यांची क्षमा मागतो. नानांनी ती गावातल्या सगळ्यांची अशीच वाया घालवली आहे.

या सगळ्याचा निकाल एका कागदाने लागला असता. मूळ पंचनामा. नानांनी माहितीच्या अधिकारात अर्ज केला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, मुद्देसूद. असा अर्ज आमच्या पोलीस ठाण्याने पूर्वी पाहिला नसावा. तीस दिवसांच्या मुदतीत उत्तर आलं, की सदर अभिलेख या कार्यालयात मिळून येत नाही. अकस्मात मृत्यूचे कागद कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जातात, तरी तहसील कार्यालयाकडे विचारणा करावी. नानांनी तिकडे अर्ज केला. महसुली दप्तराची एक जुनी शिस्त आहे. 'अ' वर्गाचे कागद कायम ठेवायचे, 'ब' तीस वर्षं, 'क' दहा वर्षं, 'ड' एक वर्ष. मुदत संपली की यादी करून नाश करायचा आणि यादीवर रेकॉर्डकीपरची सही घ्यायची. उत्तरासोबत नाश केलेल्या कागदांच्या यादीची नक्कल जोडून आली. सही वळणदार होती. नानांची.

दुसरा कोणी असता तर चार दिवस घराबाहेर पडला नसता. नाना संध्याकाळीच टपरीवर आले आणि नक्कल सगळ्यांना फिरवून दाखवली. "बघा, पुरावा नष्ट करण्यात आला होता. मी म्हणत नव्हतो?" सही कोणाची, असं एकाने विचारलंच. "वरून दबाव असणार," नाना म्हणाले. दबाव खुद्द त्यांच्यावरच आला असता. पण कोणी आणला, ते त्यांना आठवत नाही. हाही तपासाचा भाग आहे.

कादंबरीची काही प्रकरणं त्यांनी मला वाचून दाखवली आहेत. ऐकायला नाही म्हणणं शक्य नव्हतं, दाराला आतून कडी होती. नायक अव्वल कारकून आहे आणि तपासासाठी रीतसर अर्जित रजा काढतो. पस्तीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाचं मराठी सुटता सुटत नाही. तिसऱ्या प्रकरणात प्रेत सापडतं, ते असं: 'प्रेताची चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस सामाईक भिंत (पडलेली), पश्चिमेस गाडीवाट, दक्षिणेस कवठाचे झाड, उत्तरेस सरकारी बोळ. येणेप्रमाणे चतुःसीमेच्या आत सदर इसम मयत स्थितीत मिळून आला.' मी हसू दाबलं. पण खरं सांगायचं तर इतका स्वच्छ मृतदेह मी मराठी रहस्यकथेत दुसरा वाचलेला नाही. कुठे पडला आहे ते डोळ्यांपुढे उभं राहतं. बिघडतं ते प्रेमप्रसंगात. 'नायकाने तिच्याकडे पाहिले. सबब सदर युवती लाजली.' आणि प्रत्येक प्रकरण दारावरच्या थापेने संपतं. तांब्याच्या प्रकरणात तर परसाला दारच नाही, तरी थाप पडते.

कुठल्याशा दिवाळी अंकात नानांनी ट्रूमन कपोटीबद्दल वाचलं. 1959 साली अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये, होलकॉम्ब नावाच्या खेड्यात एका शेतकरी कुटुंबातल्या चौघांचा खून झाला. कपोटी तिथे जाऊन राहिला, मदतीला हार्पर ली होती, आणि मुलाखती घेताना तो टिपण करत नसे, सगळं स्मरणात ठेवत असे. नानांनी दुसऱ्या दिवसापासून वही बंद केली. त्या महिन्याभराचे जबाब समूळ गेले. वही परत सुरू झाली, पण कपोटीचा आदर कमी झाला नाही, कारण त्यालाही शेवटासाठी थांबावं लागलं होतं. आरोपी फासावर गेले 1965 मध्ये, पुस्तक आलं त्यानंतर. मार्केझ तर त्यांच्या आणखी जवळचा. कोलंबियातल्या सुक्रे या लहान गावात 1951 साली त्याच्या ओळखीच्या तरुणाचा खून झाला. मारणार हे लोकांना आधी ठाऊक होतं, तरी तो झाला. मयताची आई हयात आहे तोवर लिहू नकोस, असं मार्केझच्या आईने त्याला बजावलं, आणि कादंबरी बाहेर आली 1981 साली. "तीस वर्षं थांबला बिचारा," नाना म्हणतात. स्वतःच्या विलंबाची एवढी चांगली सोय दुसऱ्या कोणत्याही लेखकाने करून ठेवलेली नाही.

मार्केझच्या आईचं म्हणणं आमच्या गावात सोळा आणे लागू आहे. पहिल्या खर्ड्यात खुनी सराफ होते. त्यांची जमीन गहाण होती, भांडण झालेलं होतं, सगळं जुळत होतं. तेवढ्यात नानांच्या भाचीचं स्थळ सराफांच्या घरात ठरलं. सराफ सुटले. मग डॉक्टर खुनी झाले. समासातल्या त्या पेन्सिलीचा परिणाम असणार. पण त्या डॉक्टरांचा मुलगा नानांची साखर फुकट तपासतो, म्हणून दोन प्रकरणांत डॉक्टरही निर्दोष ठरले. हेडमास्तरांवर संशय जाताच माजी विद्यार्थी मंडळाचं शिष्टमंडळ घरी आलं. गिरणीवाल्यावर गेला तेव्हा महिनाभर दळण जाडं येत होतं आणि नानींनी स्वतः मध्ये पडून त्याला जामीन मिळवून दिला. दमून नानांनी खुनी बाहेरगावचा केला. कऱ्हाडहून आलेला एक अज्ञात इसम. आता कोणाची तक्रार नको, असं त्यांना वाटलं. उलट गाव खवळलं. आपला सावकार, आपली भिंत, आणि खुनी कऱ्हाडचा? आपल्यात माणसं नव्हती का? पारावर या विषयावर जी भाषणं झाली ती ऐकून मला वाटलं, आता खुनाचा मान मिळावा म्हणून दोन घराण्यांत खून पडतो की काय.

मध्येच सरकारनेही दगा दिला. कादंबरीचं नाव ठरलं होतं 'तीनशे दोन'. गाड्यांच्या नंबरप्लेटी रंगवणाऱ्या पेंटरकडून मुखपृष्ठही करून घेतलं होतं, लाल अक्षरांतून रक्त ओघळतंय असं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली आणि खुनाचं कलम 103 झालं. 302 उरलं ते धार्मिक भावना दुखावणारे शब्द उच्चारण्याबद्दल. पेंटर म्हणाला, "नाना, हे असंच छापलंत तर मोर्चा येईल." नाना वकिलाकडे गेले. 1967 चा गुन्हा जुन्या दंडविधानाखालीच राहणार, असं वकिलाने सांगितल्यावर ते सुखावून परतले. "काळजी नाही. आपला खून जुन्या पेन्शनमध्ये बसतो."

गेल्या पंधरवड्यात सराफांचा नातू नानांकडे आला. नगरपंचायतीला उभा राहायचं त्याच्या मनात आहे. हातात पेढ्यांचा पुडा होता. मी तिथेच बसलो होतो.

"नाना, आमच्या आजोबांना कादंबरीतून काढलंत म्हणे."

"नातं झालं ना आता आपलं."

"नातं आपल्या जागी. पण लोक म्हणतात, सराफांचं नाव नाही म्हणजे त्या वेळी त्यांना गावात कोणी विचारतच नसणार. खुनी नका करू. निदान संशयित तरी ठेवा."

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. वही उघडून एक पान बोटाने खालपर्यंत वाचलं.

"संशयितांच्या जागा भरल्यात. प्रतीक्षा यादी आहे. अर्ज देऊन ठेवा. आजोबांच्या रहिवासाचा पुरावा जोडा, आणि सावकाराकडे काय गहाण होतं त्या खताची नक्कल."

"झेरॉक्स चालेल?"

"साक्षांकित लागेल."

नातवाने पेढे टेबलावर ठेवले. नानांनी पुडा उचलून नानींच्या नजरेआड, कादंबरीच्या बाडामागे सरकवला. नातू दारापर्यंत जाऊन परत फिरला.

"आणि नाना, आमच्या माळ्यावर एक जुना तांब्या आहे. चेपलेला."

"मग असं सांगा ना आधी," नाना टेप शोधत म्हणाले. "तांब्या असणाऱ्यांना प्राधान्य."